नुरा कुस्ती आणि निकाली आकडा

नाटक चाललें कीं पडलें हें ठरविण्यास पूर्वींच्या नाटक-मंडळ्यांना फारसे कष्ट पडत नसत. रात्रीं तिकिटांचा गल्ला मोजला कीं मालकास निकाल कळे. कीर्तनकारास समोरच्या सतरंजीवर किती मंडळी बसली आहेत तें दिसतें. आणि कोल्हापुरास खासबागेच्या मैदानांत कुस्त्या असल्या, म्हणजे मैदान भरलें कीं रिकामें राहिलें हें सांगण्यास गणितज्ञाची गरज लागत नाहीं. दूरचित्रवाणीचें मात्र तसें नाहीं. तिचा प्रेक्षक आपल्या घरीं दार लावून बसलेला असतो. तो तिकीट काढीत नाहीं. त्यानें टाळी वाजविली तरी ती नटास ऐकूं जात नाहीं. आणि मध्येंच उठून गेला तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशा अदृश्य प्रेक्षकाची मोजदाद करण्याची जी विद्या निघाली, तिच्या फलितास अमेरिकेंत रेटिंग म्हणतात. आपल्याकडे टीआरपी या नांवानें तें घरोघर ठाऊक आहे.

या आकड्याचें सामर्थ्य आणि त्याची मर्यादा हीं दोन्ही ज्या एका प्रकरणांत स्वच्छ दिसून येतात, तें प्रकरण आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. तें आहे अमेरिकेंतील व्यावसायिक कुस्तीच्या खेळांचें. विषयाचें नांव ऐकून आमचे कांहीं वाचक नाक मुरडतील हें आम्ही जाणतों. परंतु ज्या यंत्रानें या मल्लांचें भवितव्य ठरविलें, त्याच जातीच्या यंत्राच्या कौलावर आपल्या दिवाणखान्यांतील मालिका लांबतात वा बंद पडतात, आणि संध्याकाळच्या बातम्यांस कोणता सूर लागावा हेंही पुष्कळदां ठरतें. तेव्हां हा विषय आपला नव्हे असें म्हणतां येणार नाहीं.

प्रथम या खेळाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. आपल्या तांबड्या मातींतील खरी कुस्ती निकाली असते. कोण चीत होणार हें ती सुटेपर्यंत वस्तादासही ठाऊक नसतें. अमेरिकेंतील व्यावसायिक कुस्तींत कोणीं जिंकावें, कोणीं दगा द्यावा, कोणीं कोणाशीं वैर धरावें, हें सर्व लेखकमंडळी आधीं ठरवितात. आपल्याकडे अशा लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणून हिणवितात. तेथें तो राजरोस धंदा आहे. १९८९ सालीं न्यू जर्सी संस्थानाच्या विधिमंडळापुढें डब्ल्यूडब्ल्यूएफ या तेथील सर्वांत मोठ्या मंडळीनें आपण होऊन सांगितलें कीं, आमचा खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे. क्रीडास्पर्धांवरील सरकारी देखरेख आणि कर यांतून सुटका व्हावी, हा त्यांतील हेतु. तथापि नुरा म्हणजे सोपी असें कोणीं समजूं नये. निकाल ठरलेला असला तरी फळ्यांवर आदळणारें अंग खरेंच असतें.

दूरचित्रवाणीशीं या कुस्तीचें नातें जुनें आहे. १९४० नंतरच्या दशकांत, हें माध्यम बाल्यावस्थेंत असतां, कॅमेरे अवजड होते आणि खर्चास पैसा थोडा होता. कुस्तीचा चौथरा लहान, प्रकाश भरपूर, नेपथ्याचा खर्च नाहीं. त्यामुळें तेथील वाहिन्यांना हा खेळ फार सोयीचा वाटला. कुरळे सोनेरी केस राखणारा, भरजरी झगा घालून येणारा आणि आखाड्यांत पाऊल टाकण्यापूर्वीं सेवकाकडून अत्तर शिंपडवून घेणारा ‘गॉर्जस जॉर्ज’ हा मल्ल त्या काळीं घरोघर पोंचला. पुढें ५ फेब्रुवारी १९८८ रोजीं हल्क होगन आणि महाकाय आंद्रे यांची लढत एनबीसी वाहिनीवर झाली, तिला १५.२ रेटिंग मिळालें. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील कुस्तीच्या कार्यक्रमास याहून मोठा आकडा मिळाल्याची नोंद नाहीं.

आतां हा आकडा येतो कोठून तें पाहूं. आर्थर नील्सन या गृहस्थांनीं १९२३ सालीं शिकागो येथें बाजारपेठेची पाहणी करणारी कंपनी काढली. १९३६ सालीं तिनें मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांतील दोन प्राध्यापकांनीं तयार केलेलें एक यंत्र विकत घेतलें. श्रोत्याच्या घरचा रेडिओ केव्हां लागला आणि कोणत्या केंद्रावर लागला, याची नोंद तें यंत्र करी. १९४२ पासून रेडिओचे आणि १९५० पासून दूरचित्रवाणीचे आकडे ही कंपनी देऊं लागली. १९८७ सालीं ‘पीपल मीटर’ नांवाचें नवें यंत्र आलें. त्यांत घरांतील प्रत्येक माणसासाठीं वेगळें बटण असतें आणि पाहावयास बसतांना तें दाबावयाचें असतें.

सर्व देशांतील घरांत असें यंत्र बसविणें अशक्य. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी, त्याप्रमाणें थोडीं घरें निवडून त्यांवरून सर्व देशाचा अंदाज बांधतात. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत दूरचित्रवाणी असलेलीं घरें दहा कोटींच्या जवळपास होतीं, आणि यंत्रें बसविलेलीं घरें होतीं सुमारें पांच हजार. शंभर घरांपैकीं एका घरीं कार्यक्रम लागला असेल तर त्याचें रेटिंग एक गुण. केबलवरील वाहिन्यांच्या बाबतींत, ती वाहिनी जेवढ्या घरीं पोंचते तेवढीच घरें हिशेबांत धरीत. त्यामुळें त्या काळीं मोठ्या केबल वाहिनीचा एक गुण म्हणजे सुमारें सात-साडेसात लक्ष घरें होत.

या हिशेबांतील एक गोष्ट आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांतील माणसांना मौजेची वाटेल. घरांच्या रेटिंगमध्यें एक घर म्हणजे एकच. मग तेथें एकटा मनुष्य पाहत असो कीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत बारा माणसें बसलेलीं असोत. आणि आजोबा खुर्चींत डुलकी घेत असतां संच नुसता चालूच राहिला असेल, तरी घर मोजलें जाणारच. बटणांचें यंत्र आल्यावर माणसेंही मोजतां येऊं लागलीं खरीं. परंतु दर वेळीं उठणाऱ्या-बसणाऱ्या प्रत्येकानें आठवणीनें बटण दाबावें, ही अपेक्षा ज्यानें केली त्यानें भरलेलें घर पाहिलें नसावें!

असो. आतां मूळ प्रकरणाकडे वळूं. डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक व्हिन्स मॅकमॅहन यांनीं ११ जानेवारी १९९३ पासून यूएसए नेटवर्क या वाहिनीवर दर सोमवारीं ‘रॉ’ नांवाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांचे प्रतिस्पर्धी होते अनेक वाहिन्यांचे मालक टेड टर्नर. त्यांनीं १९८८ सालीं दुसरी एक कुस्तीमंडळी विकत घेतली होती. तिचें नांव डब्ल्यूसीडब्ल्यू. ४ सप्टेंबर १९९५ रोजीं टर्नर यांच्या टीएनटी वाहिनीवर ‘नायट्रो’ सुरू झाला, आणि पुढें दर सोमवारीं दोन्ही कार्यक्रम समोरासमोर उभे ठाकले. ही झुंज साडेपांच वर्षें चालली.

तिच्यांत खरें नाट्य आहे तें येथें. सोमवारीं रात्रीं आखाड्यांत जें घडे तें सर्व आधीं ठरलेलें असे. परंतु लौकरच त्या रात्रीचे आकडे येत, ते मात्र कोणासही आधीं ठरवितां येत नसत. मल्ल, लेखक, मालक, सर्वांचें लक्ष त्या कागदाकडे लागलेलें असे. आखाड्यांतली कुस्ती नुरा. निकाली कुस्ती ती या आकड्यांची. आणि तींत हरणाऱ्याची पाठ खरोखरच मातीस लागणार होती.

आरंभीं टर्नर यांची सरशी झाली. ‘नायट्रो’ प्रत्यक्ष घडत असतांनाच दाखवीत. ‘रॉ’चे पुष्कळसे प्रयोग आधीं चित्रित करून ठेवलेले असत, आणि ‘नायट्रो’चे निवेदक त्यांतील निकाल आपल्या प्रेक्षकांस बेधडक सांगून टाकीत. १९९६ च्या जुलै महिन्यांत, वर्षानुवर्षें मुलांचा आवडता असलेला हल्क होगन एकाएकीं खलनायक झाला, आणि लोकांचें कुतूहल शिगेस पोंचलें. त्या वर्षाच्या जूनपासून १९९८ च्या एप्रिलपर्यंत सलग ८३ आठवडे ‘नायट्रो’चा आकडा वर राहिला. मॅकमॅहन यांनीं तेव्हां आपला खेळच पालटला. स्टीव्ह ऑस्टिन नांवाचा एक मल्ल, ज्याला डब्ल्यूसीडब्ल्यूनें १९९५ सालीं कामावरून काढून टाकलें होतें, त्याला त्यांनीं धन्याशीं भांडणारा उद्धट नोकर बनविलें, आणि जुलमी धन्याची भूमिका स्वतःकडे घेतली. १३ एप्रिल १९९८ रोजीं या दोघांची लढत होणार अशी जाहिरात झाली. त्या रात्रीं ‘रॉ’स ४.६ गुण मिळाले, ‘नायट्रो’स ४.३. ८३ आठवड्यांची मालिका खंडित झाली.

येथें वाचकांनीं आमच्याबरोबर थोडा त्रैराशिकाचा हिशेब करावा. यंत्रें बसविलेल्या पांच हजार घरांपैकीं या वाहिन्या पोंचत असलेलीं घरें सुमारें तीन-चतुर्थांश, म्हणजे पावणेचार हजार धरूं. त्यांतील एक गुण म्हणजे सदतीस-अडतीस घरें. मग ४.६ आणि ४.३ यांतील अंतर किती घरांचें झालें? अवघ्या अकरा-बारा घरांचें! एवढ्या लहान नमुन्यांत तितका फरक निव्वळ योगायोगानेंही पडूं शकतो, हें संख्याशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. एखाद्या डझन घरांतील मुलांस त्या रात्रीं लौकर झोंप आली असती, तर इतिहासांत वेगळी तारीख नोंदली गेली असती. अर्थात् एका रात्रीचा आकडा डळमळीत असला तरी आठवड्यामागून आठवडे एकाच दिशेस जाणारे आकडे खोटे नसतात. ‘रॉ’ची चढण खरी होती, हें पुढील वर्षानें सिद्ध केलें. परंतु माणसें पुढील वर्षाची वाट पाहत नसत. ती दशांशाच्या पहिल्या अंकाकडे पाहूनच हर्ष वा शोक करीत.

आणि त्याप्रमाणें वागतही. एका रात्रीचाच काय, पण प्रत्येक पाव तासाचा आकडा वेगळा मिळे. कोणता मल्ल आल्यावर किती घरें वळलीं, कोणत्या संवादावर किती उठून गेलीं, याचा ताळा रोज मांडला जाऊं लागला. लांब रंगत जाणाऱ्या लढती मग मागें पडल्या. दर पंधरा मिनिटांस कांहींतरी धक्का हवा झाला. ६ जुलै १९९८ रोजीं अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्यें, हजारों लोकांच्या समक्ष, गोल्डबर्ग या नव्या मल्लानें होगनास हरविलें. ही लढत पुढें राखून ठेवून तिकीट लावून दाखविली असती, तर तीवर मोठी कमाई झाली असती. डब्ल्यूसीडब्ल्यूनें ती सोमवारच्या आकड्यासाठीं फुकट दाखविली. आकडा मिळाला, परंतु पेरणीचें बियाणेंच दळून खाल्ल्यावर पुढच्या वर्षीं शेतांत काय उगवणार?

४ जानेवारी १९९९ ची रात्र तर या धंद्यांत दंतकथेसारखी सांगतात. त्या दिवशींचा ‘रॉ’ आधीं चित्रित झालेला होता आणि त्यांत मिक फोली हा मल्ल अजिंक्यपद मिळविणार होता. हा फोली दिसावयास ओबडधोबड, अंगावर असंख्य इजा घेतलेला, आणि मागें डब्ल्यूसीडब्ल्यूमध्येंच राबलेला. ‘नायट्रो’च्या निवेदकानें, वरून आलेल्या आज्ञेप्रमाणें, तो निकाल आधींच फोडला आणि असल्या मनुष्यास पाहावयास कोण येणार अशा अर्थाची टवाळी केली. झालें उलटेंच. कांहीं मिनिटांतच सुमारें सहा लक्ष प्रेक्षकांनीं वाहिनी बदलली, असें त्या आकड्यांवरून सांगतात. रात्रीअखेर ‘रॉ’स ५.७ आणि ‘नायट्रो’स ५.० गुण मिळाले. निकाल ठाऊक झाल्यावर लोक पाहावयाचे थांबतील, हा सिद्धान्त त्या रात्रीं पार कोसळला. ज्यास आपल्या नाट्यसंगीताची आणि आख्यानाची गोडी आहे, त्यास याचें आश्चर्य वाटणार नाहीं. सीता सांपडणार हें ठाऊक असूनही आपण रामायण ऐकतोंच. लोक निकाल पाहावयास आले नव्हते. एका उपेक्षित, कष्टाळू माणसाच्या शिरावर मुकुट चढतांना पाहावयास आले होते. आकड्यानें ‘किती आले’ हें सांगितलें. ‘कां आले’ हें सांगणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें.

या चढाओढीची किंमत डॉलरांतच मोजली गेली असती तर आम्ही इतक्या गांभीर्यानें लिहिलें नसतें. याच फोलीस २८ जून १९९८ रोजीं पिट्सबर्ग येथें सुमारें सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या माथ्यावरून खालीं टाकण्यांत आलें. तो तशाच स्थितींत पुन्हा वर चढला. २३ मे १९९९ रोजीं कॅन्सस सिटी येथें ओवेन हार्ट या चौतीस वर्षांच्या मल्लास छतावरून दोरानें आखाड्यांत उतरवावयाचें होतें. बंधन वेळेपूर्वींच सुटलें. तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून पडला आणि मरण पावला. त्याच्यामागें पत्नी आणि दोन लहान मुलें राहिलीं. त्या रात्रींचा खेळ मात्र तसाच पुढें चालविण्यांत आला. या मृत्यूस केवळ रेटिंगच कारण झालें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तो तर तिकिटाचा खेळ होता. परंतु ज्या वातावरणांत नुसती कुस्ती अपुरी वाटूं लागली आणि प्रत्येक प्रवेशांत नवा धक्का हवासा झाला, तें वातावरण त्या दोन सोमवारच्या आकड्यांनींच निर्माण केलें होतें, हें नाकारतां येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, आकडा मोठा म्हणजे पैसा मोठा, मग धंद्याच्या दृष्टीनें चुकलें कोठें? परंतु येथेंही आकडा पूर्ण सत्य सांगत नाहीं. रेटिंग घरें मोजतें. जाहिरातदार पाहणाऱ्यांची ऐपत, त्यांचें वय आणि आपल्या मालाची अब्रू हेंही पाहतो. १९९९ सालीं पॅरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या पालकांच्या संस्थेनें डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘स्मॅकडाऊन’ या नव्या कार्यक्रमांतील हिंसा आणि अश्लीलता यांविरुद्ध चळवळ उभारली, आणि भरपूर प्रेक्षक असतांही कोका-कोलासारख्या मोठ्या कंपनीनें आपल्या जाहिराती काढून घेतल्या. या संस्थेनेंही पुढें मर्यादा सोडली. कांहीं बालकांच्या मृत्यूचा दोष तिनें कुस्तीवर टाकला. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २००२ सालीं संस्थेस पस्तीस लक्ष डॉलर भरून जाहीर क्षमा मागावी लागली.

डब्ल्यूसीडब्ल्यूचा अंत तर याहून बोधप्रद आहे. २००० या एका सालांत तिला सहा कोटी डॉलरांच्या आसपास तोटा झाल्याचें सांगतात. टर्नर यांची कंपनी एका मोठ्या उद्योगसमूहांत विलीन झाली, आणि नव्या चालकांनीं कुस्ती आपल्या वाहिन्यांस शोभत नाहीं असा निर्णय दिला. त्या वेळींही ‘नायट्रो’ दोन गुणांच्या वर होता. केबलवर तेवढें रेटिंग पुष्कळ वाहिन्यांना दुर्मिळ. तरीही तो बंद झाला. २३ मार्च २००१ रोजीं मॅकमॅहन यांनीं आपल्या प्रतिस्पर्ध्याची मंडळी विकत घेतल्याचें जाहीर झालें, आणि २६ मार्च रोजीं शेवटचा ‘नायट्रो’ झाला. आकड्यासाठीं जिनें सर्वस्व पणास लावलें, तिला शेवटीं आकडाही वांचवूं शकला नाहीं.

आणि जिंकणाऱ्यास काय मिळालें? शत्रूचे सर्व प्रेक्षक आपल्याकडे येतील असा त्याचा अंदाज असला पाहिजे. ४ जानेवारी १९९९ च्या रात्रीं दोन्ही कार्यक्रमांची बेरीज दहा गुणांच्या वर होती. २००१ नंतर एकटा उरलेला ‘रॉ’ चार-पांच गुणांवर राहिला आणि पुढें उतरतच गेला. लक्षावधि घरांनीं दुसऱ्या आखाड्याकडे न वळतां कुस्ती पाहणेंच सोडून दिलें. जोडीचा पैलवान गेल्यावर मैदानाची रंगतच गेली, असें आपल्याकडील कोणताही वस्ताद सांगेल.

या सर्व हिशेबांत न धरलेली एक मोठी जमात होती, आणि तिच्यांत आपल्याच घरांतील मुलें होतीं. केबल आल्यावर पुण्या-मुंबईच्या वाड्यांतून आणि चाळींतून हीच कुस्ती मुलें डोळे विस्फारून पाहत. मल्लांच्या चित्रांचे, उंची-वजन छापलेले पत्ते घेऊन सुट्टीच्या दुपारीं डाव मांडीत. आणि गाद्यांवर उड्या मारून आज्यांचीं बोलणीं खात. त्यांतील एकही घर त्या सोमवारच्या आकड्यांत नव्हतें. नील्सनचे पांच हजार संच अमेरिकेंत होते. आपल्या देशांत आज बार्क ही संस्था २०१५ पासून हें काम करते. तिचीही पद्धति मुळांत शिताचीच आहे.

सांप्रत काळ पालटला आहे. १० मे १९९९ रोजीं, प्रतिस्पर्धी कार्यक्रम नसतांना, ‘रॉ’ ८.१ गुणांवर चढला होता. २०२० नंतर त्याचे प्रेक्षक बहुतेक आठवडे वीस लक्षांच्या आंतच राहिले. असें असूनही त्याची किंमत वाढली! ६ जानेवारी २०२५ पासून तो नेटफ्लिक्सवर दिसूं लागला, आणि त्या दहा वर्षांच्या कराराची रक्कम पांच अब्ज डॉलरांहून अधिक आहे. लोक एका वेळीं एक गोष्ट पाहावयाचे थांबले आहेत. अशा काळांत ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या वेळीं न चुकतां येणारे थोडेसे प्रेक्षक, पूर्वींच्या मोठ्या गर्दीहून मोलाचे ठरले.

तात्पर्य, रेटिंग खोटें असतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. शितावरून भात शिजला कीं नाहीं हें खरोखरच कळतें. परंतु भात कोणाच्या पोटांत गेला, त्यानें अंग धरलें कीं अजीर्ण झालें, आणि तो शिजवितांना कोणाचा हात भाजला, हें शीत सांगत नाहीं. तें ज्यानें त्यानें आपल्या पंक्तीकडे पाहूनच जाणावें लागतें. आपल्या घरांतील संच रात्रीं किती वाजेपर्यंत चालू होता, हें कोणतेंही यंत्र सांगूं शकेल. तो कां चालू होता आणि समोर बसलेल्या मुलानें त्यांतून काय उचललें, हें विचारण्याचें काम अद्यापि घरांतील वडीलधाऱ्यांकडेच आहे.